बाराचे विभाजक आणि तारेवरचे कावळे

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या दहाव्याला शाहपुऱ्याच्या तळ्याकाठी पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. कावळे होते. समोरच्या तारेवर चार. एकही खाली येईना.

कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली, असं आमच्याकडे मानतात. मग ती ओळखून मोठ्याने कबूल करायची असते. मी पुस्तकांतला माणूस, हे मानत नाही. त्या सकाळी मात्र कावळा यावा एवढंच मला हवं होतं.

आत्या पुढे झाली. "दादा, तुझी स्कूटर कुणाला देणार नाही आम्ही."

कावळ्यांनी पंख साफ केले. धाकट्या काकांनी गच्चीवरचा गळका नळ बदलायचं कबूल केलं. त्याचाही उपयोग झाला नाही.

गुरुजी कोटऱ्याहून आले होते आणि घाईत होते. "अजी, आजकल कावळे फार नखरे करतात. दर्भाचा कावळा करून शिवून टाकू. चलता है."

"त्याला गवताचा कावळा नाही चालणार," आत्या म्हणाली. "जन्मभर इंजिनिअर होता तो."

तेव्हा माझी दहा वर्षांची मुलगी म्हणाली, "आजोबांचं आणि माझं मॅथ्स राहिलंय."

शेवटच्या आठवड्यात अण्णा तिला विभाजक शिकवत होते. अंथरुणावर कपड्यांचे बारा चिमटे मांडायचे. तीन-तीनच्या चार ओळी, दोन-दोनच्या सहा. एकही चिमटा उरला नाही की तो आकडा बाराचा विभाजक. पाच-पाचच्या ओळी केल्या की दोन उरत. ते अण्णा सदऱ्याच्या खिशात टाकत आणि म्हणत, "पाच बाहेर." बाराचे पट म्हणजे बारा, चोवीस, छत्तीस. "विभाजक मोजके, घरात बसणारे. पट घराबाहेर चालत सुटतात, त्यांना शेवट नाही." तिला ते कळलं का, हे विचारायचं राहून गेलं. माझ्याबाबतीत त्यांना शंका नव्हती. मी दोन्हींची अदलाबदल लहानपणापासून करत आलो आहे.

"मग कबूल कर ना," आत्याने मला ढोसलं.

"अण्णा," मी पिंडाला म्हणालो, "मी तिला विभाजक शिकवीन."

चारही कावळे उडून पलीकडच्या तारेवर बसले.

"विश्वास नाही बसला त्याचा," काका म्हणाले. "आधी तुला येतात का ते बघतोय. म्हण, बाराचे विभाजक."

डोकं भादरलेलं, बोटात दर्भाचं पवित्रक, धोतर ओलं. मी हात जोडून सुरुवात केली. "एक, दोन, तीन, चार, सहा..." इथे मी वर तारेकडे पाहिलं. "चोवीस."

"बाबा! चोवीस मल्टिपल आहे!" मुलगी ओरडली. "बारा चिमट्यांत चोवीसची ओळ कशी होईल? सहानंतर बारा स्वतः. बस, संपले."

"और आठ?" गुरुजींनी विचारलं. ते आता घाई विसरले होते.

"आठची एक ओळ झाली की चार उरतात, गुरुजी. ते खिशात."

गुरुजी बोटांवर हिशेब करत होते तेवढ्यात एक कावळा सरळ खाली आला, पिंडाला चोच लावून भाताचा घास घेऊन गेला.

आत्याने डोळे पुसले. "पोरीला आलं, म्हणून आला."

"छे," काका म्हणाले. "याला कधीच येणार नाही हे एकदाचं पटलं, म्हणून आला."

मला दोन्ही खरं वाटत होतं.

घरी आल्यावर खुंटीवरचा त्यांचा सदरा धुवायला काढला. खिशात दोन चिमटे होते. दोरीवरचे दहा आणून मी ते सगळे त्यांच्या अंथरुणावर मांडले. पाच-पाचच्या ओळी केल्या. दोन उरले. मी ते उचलून पुन्हा त्यांच्या खिशात ठेवले. सदरा त्या दिवशी धुतला नाही.