लोरेनबाईंची स्वागताची टोपली

इंग्लंडातल्या गूल गावात घरं भाड्याने लावून देणाऱ्या लोरेन थॅकरेबाईंबद्दल वाईट बोलणारं माणूस शोधूनही सापडलं नसतं. निदान त्यांच्या तोंडावर तरी. बाई नेमाने चॅपेलमध्ये प्रार्थनेला जाणाऱ्या, हाताने सढळ, आणि गल्लीत कुणाच्या खिडकीला नवा पडदा लागला हे त्या घरातल्यांच्या आधी त्यांना ठाऊक.

मग सरकारने भाड्याच्या घरांसाठी नवा कायदा आणला. भाडेकरूकडून घ्यायचं ते फक्त भाडं, अनामत, घर राखून ठेवायची थोडी रक्कम, हरवलेल्या किल्लीचा खरा खर्च, आणि अशाच दोन-चार किरकोळ बाबी. चौकशीची फी, कागदपत्रांची फी, साफसफाईची फी, सगळ्यांवर पाणी. बाई आठवडाभर कपाळाला हात लावून बसल्या. आठवड्याने त्यांना टोपली सुचली.

नव्या बिऱ्हाडाला पहिल्या दिवशी चहा, दूध आणि काहीतरी गोड नेऊन द्यायचं ही तिकडची जुनी रीत. खोक्यांतून किटली सापडेपर्यंत माणूस चहावाचून अर्धा होतो. बाईंनी वेताच्या टोपल्या आणल्या. आत चहा, दूध, बिस्किटं आणि घरी केलेला आलुबुखाराचा जॅम. वर चौकड्यांचा रुमाल. आणि कराराच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, ‘स्वागत: साठ पौंड’. टोपली नको म्हणायची सोय नव्हती. “फी कसली? शेजारधर्म आहे हा!” असं बाई आरशाला सांगत. शेजारधर्माचे पैसे आगाऊ घेणारी शेजारीण पंचक्रोशीत ही एकच.

केनेथ ऑल्ड्रॉइड हे त्यांचे नवे भाडेकरू. जन्मभर बस चालवलेली, बायको वर्षापूर्वी गेलेली. करार लेकीने केला, पैसेही तिनेच भरले. केनेथना दिसली ती फक्त टोपली. म्हातारा विरघळलाच. चार दिवसांनी जॅमची बरणी धुऊन, तीत स्वतः घातलेले व्हिनेगरमधले कांदे भरून ते बाईंच्या घरभाड्याच्या दुकानात हजर.

“रिकामी बरणी परत करायची नाही, आमची हिल्डा म्हणायची,” ते म्हणाले. “ती गेल्यापासून माझ्या दारात असं कुणी काही आणलं नव्हतं बघ, पोरी.”

साठ पौंडांचं सांगून टाकायची हीच वेळ होती. तरी कांदे त्यांनी घेतले, आणि गप्प बसल्या.

गप्प बसण्याची किंमत चॅपेलच्या सुगीच्या जेवणात वसूल झाली. मांस भरलेली पाई आणि वाटाणे संपले होते, इतक्यात केनेथ उठून उभे राहिले. टोपलीची सगळी कहाणी सांगितली, रुमालासकट. “अशी माणसं आता राहिली नाहीत,” ते म्हणाले.

त्या हॉलमध्ये निम्मे लोक बाईंचेच भाडेकरू. प्रत्येकाने ते साठ पौंड मोजलेले. आता कुणीतरी ओरडेल म्हणून बाईंनी मान खाली घातली. पण कुणी चकार शब्द काढला नाही. चारचौघांत माणसाला उघडं पाडायचं म्हणजे त्यांच्यात चोरीपेक्षा वाईट. त्यांनी टाळ्या वाजवल्या. ग्लेंडा प्रिडीने सगळ्यांत जास्त वेळ वाजवल्या, बाईंच्या डोळ्यांत बघून.

बाई उठल्या, केनेथना दंडाला धरून मागच्या मोरीपाशी घेऊन गेल्या.

“त्या टोपलीचे मी पैसे घेतलेत, केनेथ. तुमच्या लेकीकडून. सगळ्यांकडूनच घेते.”

केनेथनी मोरीवरची एक धुतलेली बशी उचलून पुसली, पुन्हा पुसली.

“माफ कर हं,” ते म्हणाले. “मी आधी लेकीला विचारायला हवं होतं. उगाच तुला सगळ्यांपुढे अवघडून टाकलं.”

“अहो, माफी तुम्ही कसली मागताय?”

“मग कुणी मागायची?” त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं. टोमणा नव्हता त्यात, आणि तेच बाईंना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप घालून बाई पाकिटं घेऊन दारोदार निघाल्या. पहिलंच दार ग्लेंडाचं.

“हे तुझे साठ. कायद्याने मला घेता येत नव्हते. मला ते माहीत होतं.”

“मलाही माहीत होतं की,” ग्लेंडा म्हणाली. “आम्ही सगळे तुला ‘साठची शेजारीण’ म्हणतो. आत ये, किटली ठेवलीय.”

“अगं, तोंडावर सांगायचंस तरी!”

“वाईट वाटलं असतं ना तुला.”

घरोघरी तेच. कुणी पाकीट उघडून मोजलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. प्रत्येकाने बसवलं, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, बिस्किटं पुढे केली. एखाद्याने शिवी हासडली असती तर बाईंनी ती प्रसादासारखी घेतली असती. शेवटच्या घरात बाईंनी चहाचा कप तोंडाशी नेला आणि न पिताच खाली ठेवला, तेव्हा यजमानीण हळूच म्हणाली, “साखर कमी पडली का गं?”