थोरलीचा हातगुण

पॉवर सप्लाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात थोरलीला हातगुण आहे, असं सगळे मानत. लग्न होऊन आली तेव्हापासून ती चाचणीच्या टेबलाशी बसलेली, आणि तिच्या हाताखालचं सर्किट कधी जळलं नव्हतं. ती रजेवर गेली की मात्र सर्किट ताब्यात ठेवणाऱ्या कंट्रोलरच्या चिप हटकून मरत. मग सुपरवायझर म्हणे, "बाई आल्याशिवाय कुणी हात लावू नका."

गुण कसला, सवय होती. ती आधी सर्किटला वीज द्यायची, मग चिपला 'चालू हो' सांगणारी वायर जोडायची. कुणी उलट केलं, तर झोपलेल्या चिपमध्ये ती वायर लागते त्या एका पिनमधून करंट घुसे आणि आतलं नाजूक काम जाळून टाकी. हे तिला केव्हाच उमगलं होतं. पण बोलून हातची खुर्ची कोण घालवतं?

मग धाकटी जाऊ त्याच कारखान्यात लागली, तेही सर्किटांचे आराखडे काढतात त्या खोलीत. घरी सासूबाईंना तिचा चहासुद्धा गोड लागे. थोरलीचा तेवढा 'जरा उकळलेला'. आता इथेही ती आलीच.

आल्या आल्या धाकटीने मेलेल्या चिप भिंगाखाली धरल्या आणि नव्या सर्किटमध्ये त्या पिनच्या वाटेवर करंट अडवणारा, तांदळाच्या कणीएवढा रेझिस्टर बसवला. आता करंट शिरला तरी चिमूटभरच शिरणार होता, चिपला सोसेल इतका.

"आता चाचणीला कुणीही बसलं तरी चालेल," सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. जेवणाच्या सुट्टीत सगळे उठल्यावर तिने धाकटीचं सर्किट पुढ्यात ओढलं. वायर आधी, वीज नंतर. जन्मात पहिल्यांदाच तिने जाणूनबुजून उलट केलं, आणि जळका वास कधी येतो म्हणून नाक पुढे केलं.

हिरवा दिवा लागला. पुन्हा केलं. पुन्हा हिरवा.

"ताई, उलट लावताय?" मागे धाकटी डबा घेऊन उभी होती.

"चाचणी म्हणजे काय, लाड करायचे असतात?"

"नाही, बरंच केलंत. उलट लावून बघा, असं मीच सांगणार होते. पण म्हटलं, तुम्ही घरी दोन दिवस अबोला धराल."

"दोन कसले. चार."

धाकटी हसली. "साहेबांना सांगते, सगळ्यात कडक चाचणी ताईंनी घेतली. तुमचंच नाव होईल."

जाळायला म्हणून केलेलं धाकटीच्याच पदरात पुण्य होऊन पडलं. थोरलीला धड रागावताही येईना.

"नाव नको. जा, जेव."

धाकटी गेली. थोरलीने आपला डबा बाजूला सारला आणि दुसरं सर्किट ओढलं. वायर लावली. वीज देण्याआधी या वेळी जरा जास्तच थांबली, करंटला आत शिरायला वेळ मिळावा म्हणून. एखादं तरी जळेल.