बँकॉक जवळ, उदगीर लांब

उद्धवरावांना अंतर विचारलं तर ते किलोमीटर सांगत नाहीत, वेळ सांगतात. चाकणहून भोसरी? "सकाळी पाऊण तास, संध्याकाळी देव जाणे." आयुष्य कंपनीची बस चालवण्यात गेलेल्या माणसाला किलोमीटरचं काय कौतुक! त्यांच्या बसमुळे कुणाची शिफ्ट चुकली नाही आणि त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. चाकणच्या चौकातून रोज बस काढून हे जमवणं म्हणजे खायचं काम नव्हे.

त्यांची मुलगी करिष्मा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासणीच्या कामावर. कंपनीने तिला दोन वर्षांसाठी बँकॉकच्या कारखान्यात नेमलं आणि घरात तिच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, अबोला धरला. "समुद्रापल्याड पोरगी धाडायची, आन बोलावलं की येती व्हय ती?" एवढंच एकदा म्हणाल्या.

"तीन हजार किलोमीटर असंल," उद्धवराव म्हणाले, "पण पुण्याहून इमानानं चार-साडेचार तास. तुझ्या माहेरी उदगीरला जायला आपल्याला दहा लागत्यात. आता सांग, लांब कोणतं?"

हिशोब बिनतोड होता. पण आईची समजूत हिशोबाने थोडीच पटते!

दुपारच्या विमानासाठी उद्धवरावांनी भाच्याची गाडी सकाळीच बाहेर काढली. शेजारीपाजारी हसले. पुढे चौकाजवळ ट्रेलर आडवा झालेला दिसला, तशी त्यांनी गाडी गुपचूप आळंदी-मरकळच्या आडरस्त्याला घातली आणि लेकीला वेळेच्या कितीतरी आधी विमानतळावर पोचवलं. शेजाऱ्यांनी तिथे येऊन हसायला हवं होतं.

विमानतळाच्या दाराशी करिष्मा आईच्या पाया पडली. "आई, येते."

येते म्हणणाऱ्याला "ये" म्हणून निरोप द्यायचा, एवढी साधी रीत. रुक्मिणीबाईंनी तिची ओढणी नीट केली आणि तोंड फिरवलं. पोर जरा थांबली, मग आत गेली. उद्धवरावांना बायकोला बोलावं असं फार वाटलं, पण ते गाडी बाजूला लावायला गेले.

विमान उडालेलं पाहूनच दोघं हलले. विश्रांतवाडीला रुक्मिणीबाईंच्या बहिणीकडे जेवण झालं. परतताना उद्धवरावांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. हाताने सवयीने बसचाच रस्ता धरला, भोसरीवरून मोशी, आणि गाडी ऐन शिफ्ट सुटायच्या वेळेला चाकणच्या चौकात जाऊन रुतली. उभी हयात आडवाटा शोधणारा माणूस! ना पुढे जाता येई, ना मागे. उद्धवराव मनातून खजील झाले.

तेवढ्यात रुक्मिणीबाईंचा फोन वाजला.

"आई, पोचले. आत्ताच उतरले विमानातून. तुम्ही जेवलात ना घरी जाऊन?"

रुक्मिणीबाईंनी काचेतून बाहेर बघितलं. चौकाच्या पलीकडे राजगुरुनगरच्या रस्त्याला त्यांचं घर होतं, आणि मधे नुसते ट्रकच ट्रक.

"आमी अजून चौकातच हाव," त्या म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःचाच पदर नीट केला.

"बरं," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "ये मग."

पुढची गाडी हलली. मागचे हॉर्न वाजवू लागले. जन्मात कुणाचा खोळंबा न केलेल्या उद्धवरावांनी त्यांना खुशाल वाजवू दिलं आणि आधी डोळे पुसले.