तात्यांच्या काकडीचा पंचनामा

मी फाटक्या तोंडाचा माणूस आहे, हे आधीच कबूल करतो. त्या तोंडापायी गावचा पोलीस पाटील व्हायच्या ऐवजी मी आरोपी व्हायचा तेवढा राहिलो.

सणसरच्या शिवारात आमचा ऊस आणि बांधाला लागून तात्यांची काकडी. तात्या सत्तरीचे. नात्याचे नाहीत, पण शेजार तीन पिढ्यांचा. काकडी बारामतीच्या मार्केट यार्डात जायची आणि तिथं ती कशी हातोहात उचलली जाते हे तात्या पारावर बसून ऐकवायचे. लोक हसायचे. घरी त्यांची बायको, आमच्या काकी, त्यासुद्धा म्हणायच्या, "व्हय व्हय, ह्यांचीच काकडी जगात भारी." तात्यांना ते लागायचं.

त्या दिवशी सकाळी पाण्याच्या पाळीवरून आमचं वाजलं. चार माणसांदेखत मी बोलून गेलो, "बघतोच तुमची काकडी कशी येती ती." आणि संध्याकाळी तात्या माझ्याकडंच फवारणीचा पंप मागायला आले. मी दिला. आमच्याकडं असंच चालतं, भांडण भांडणाच्या जागी आणि पंप पंपाच्या जागी. पण त्याच पंपानं दुपारी मी उसात तणनाशक मारलं होतं आणि नंतर आत कसंबसं एकदा पाणी फिरवलं होतं. उसाला त्या औषधानं काही होत नाही, काकडीला मात्र ते विषच. तात्यांनी त्यातनं टॉनिक फवारलं. तिसऱ्या दिवशी सगळ्या वेलांची पानं वाटीसारखी वळली, शेंडे पिळवटले.

तात्यांनी दोन वेल उपटून पिशवीत घातले आणि थेट पोलीस ठाणं गाठलं. मला बोलावणं आलं तेव्हा आधी पाटीलकीच आठवली. पोलीस पाटलाची परीक्षा मी पास झालो होतो, निवडीच्या यादीत नाव लागलं होतं, फक्त चारित्र्याचा दाखला यायचा होता. गुन्हा दाखल झाला की दाखला अडणार आणि पाटीलकी हातची जाणार. बायकोनं तर गावभर सांगूनसुद्धा टाकलं होतं.

हवालदारांनी शांतपणे समजावलं. दुसऱ्याच्या मालाची जाणूनबुजून नासधूस केली तर गुन्हा होतो, निव्वळ चुकून झाली तर नाही. शिक्षा नुकसान बघून. थोडं असलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, वीस हजारांवर गेलं तर दोन वर्षांपर्यंत, लाखाच्या पुढं पाच.

"मुद्दाम केलं का?" त्यांनी मला विचारलं.

"न्हाय साहेब, पंप नीट धुतला न्हाय, एवढंच."

"मग त्या दिवशी सकाळी चार लोकांत काय बोलला होता?"

तेवढ्यात तात्या म्हणाले, "सव्वा लाखाचं पीक हुतं साहेब." झालं, माझं डोकं फिरलं.

"अर्ध्या एकराची काकडी सव्वा लाखाची? सोन्याची लावली हुती का तात्या?"

हवालदारांनी दोघांनाही गप्प केलं आणि उद्या पंचनाम्याला येतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अर्धं गाव बांधावर. सगळे माझ्या बाजूचे आणि नुकसान जेवढं कमी दिसेल तेवढा मी सुटणार, हे त्यांना ठाऊक. एक पंच म्हणाला, "कसली काकडी साहेब, आधीच रोगाट हुती." दुसरा म्हणाला, "निम्मी कडू निघायची, जनावरं खात नव्हती." लोक हसले. तात्या मात्र एका वळलेल्या पानाला अंगठ्यानं सरळ करत उभे राहिले. सरळ होत नव्हतं ते.

हे सगळं माझ्यासाठीच चाललेलं. पण मला भयंकर लाज वाटली.

"खोटं हाय साहेब," मी म्हणालो. "अशी काकडी ह्या शिवारात कुणाचीच नव्हती. एक वेल रोगाट नव्हता. मी जळायचो हिच्यावर, म्हणून तसलं बोललो. मुद्दाम केलं न्हाय, पण पंप धुवायचा आळस माझाच. तात्या सांगत्यात ती रक्कम लिहा."

बायकोनं कपाळाला हात लावला. पंच माझ्याकडं बघतच राहिले.

तात्यांनी ते पान सोडलं. "एवढं कळत हुतं, तर पंप धुवायला काय झालं हुतं रं तुला?" मग हवालदारांकडं वळले. "माझी तक्रार न्हाय साहेब. पण ह्यो आत्ता काकडीचं काय बोलला, तेवढं कागदावर घ्या."

"तक्रारच नाही, तर कागद कशाला तात्या?"

"घरी न्यायचाय."

हवालदारांनी हसत वहीतलं पान फाडून लिहून दिलं. खाली सही माझी घेतली. पुढं दाखला आला, पाटीलकीही मिळाली. पण काकींना वाचता येत नाही, म्हणून पंचनाम्याच्याच दिवशी संध्याकाळी तात्यांनी मला घरी बोलावलं, काकींना समोर बसवलं आणि तो कागद माझ्याकडून दोनदा मोठ्यानं वाचून घेतला.