एकनाथ मास्तरांचं लुगडं

पाम गावचा एकनाथ लुगडं नेसून मंडपात आला, की पुढे बसलेल्या बायका स्वतःचे पदर सावरून बसत. इतका तो खरा वाटायचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून गावच्या नाटकात बाईचं काम त्याचंच. पुढे तो प्राथमिक शाळेत मास्तर झाला, रखमाशी लग्न झालं, घरात पाळणा हलला, तरी गणपतीत आणि जत्रेत लुगडं नेसायला लोक त्यालाच बोलवत. वाणगावकडची माणसं गाड्या जुंपून त्याचं नाटक बघायला यायची. तोंडावर वाहवा करायची आणि पाठ वळली की 'बायल्या' म्हणायची. त्याला दोन्ही ऐकू यायचं.

पालघरला कॉलेज निघालं तेव्हा त्याने तिशी ओलांडली होती. पदवी घ्यायची म्हणून त्याने सकाळच्या वर्गात नाव घातलं. तिथे मराठी शिकवणाऱ्या आठल्ये सरांना नाटकाचं वेड. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत कॉलेजचा नाट्यहंगाम करायचा, त्यात तीन नाटकं बसवायची आणि जे चांगलं उतरेल ते मुंबईला विद्यापीठाच्या महोत्सवात न्यायचं, असं त्यांनी ठरवलं.

पहिल्या नाटकात एकनाथने आईचं काम केलं. पालघरकर खूश झाले. दुसरं नाटक सरांनी स्वतः लिहिलं होतं. विहिरीच्या वाटेसाठी साऱ्या गावाशी भांडणारी येसू नावाची एक विधवा, तिची गोष्ट. सर वाचत होते आणि येसूची वाक्यं एकनाथच्या ओठांवर आपोआप बसत चालली होती.

वाचन संपलं. सर म्हणाले, "येसूचं काम आपल्या वर्गातली शालू करेल. मास्तर, तुम्ही तलाठी."

एकनाथला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"सर, बाईचं काम तर मीच..."

"आता वर्गात मुली आहेत. बाईचं काम बाप्याने कशाला करायचं? आणि तिला तयार करायचं तुम्ही."

शालू कुंभवलीची. तिचे वडील धर्माजी यांची पानवेलींची नि केळीची वाडी होती. मुलीला कॉलेजात घातलं म्हणून भावकीतल्या लोकांचं बरंच ऐकून घेतलेला माणूस. ती नाटकात आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. जादा तास आहेत, असं ती घरी सांगायची.

एकनाथने तिला शिकवायला घेतलं, पण मनापासून नाही. "हात कमरेवर घे. मान अशी वेळाव. पदर दातांत धर," तो सांगायचा. शालू करून बघायची आणि थांबायची.

"मास्तर, माजी आई भांडते तेवा असं काय करत नाय. ती नुसती उभी ऱ्हाते."

"मग राहा उभी," तो चिडून म्हणाला.

ती उभी राहिली. दोन्ही हात सरळ, नजर तलाठ्यावर. आणि तलाठी झालेल्या एकनाथला आपलं पुढचं वाक्य आठवेना. त्या दिवशी घरी जाऊन तो धड जेवला नाही. रखमाने विचारलं तर म्हणाला, "पोरगी चांगली हाय."

प्रयोग बोईसरला होता, रविवारी दुपारी, स्टेशनजवळच्या मैदानात. तारापूरच्या अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, त्यामुळे बोईसरात मुलखामुलखाचे कामगार आलेले. विद्यापीठाचे दोन परीक्षकही मुंबईहून येणार होते. मंडप भरत आला आणि शालूचा पत्ता नव्हता. तेवढ्यात कुंभवलीचाच आनंदा, त्यांच्याच वर्गातला, सायकल टाकून धावत आला.

"शालू येत नाय. बाजारात फलकावर तिचं नाव लिवलंय, ते कोनीतरी धर्माजीकाकांना वाचून दाखवलं. काकांनी तिला घरात बसवलंय."

सरांचा चेहरा उतरला. परीक्षकांची गाडी स्टेशनात आली होती. त्यांनी येसूचं लुगडं उचललं आणि एकनाथपुढे धरलं.

"मास्तर, तुम्हाला पाठ आहे."

पाठ होतंच. एकनाथने लुगडं घेतलं आणि नेसायला सुरुवात केली. निऱ्या हातात आल्या तशी त्याच्या मनात आनंदाची उकळी फुटली. देवानेच आणून दिलं, असं वाटलं. डोक्यावर केसांचा टोप चढवून तो आरशासमोर उभा राहिला. हात कमरेवर गेला, मान वेळावली, आणि आरशातल्या बाईकडे बघून त्याला स्वतःचीच लाज वाटली. ही येसू नव्हे. ही जत्रेतली बाई. येसू कशी उभी राहते ते त्याने रोज समोर पाहिलं होतं.

त्याने टोप काढला, लुगडं सोडलं.

"सर, परीक्षकांना चहा पाजा. गावातल्या कुणाचं तरी भाषण ठेवा. मी कुंभवलीला जाऊन येतो."

"अहो, ती नाही आली तर?"

"तर नेसतो."

आनंदाची सायकल घेऊन तो निघाला. तोंडाला अर्धवट रंग तसाच. वाटेत माणसं वळून बघत होती.

धर्माजी ओटीवर कोयत्याला धार लावत बसले होते. एकनाथकडे बघून त्यांनी धार लावायचं थांबवलं नाही.

"बोलवाय आला? तुला येतं ना बायचं सोंग? तूच कर."

"काका, माझ्यापेक्षा ती चांगली करते."

"माला त्याचं काय! एक सांग. पन खरं सांग." आता कोयता थांबला. "तू लुगडं नेसून उभा ऱ्हायचास, तेवा लोक काय करायचे?"

एकनाथला खोटं बोलता आलं असतं. लोक टाळ्या वाजवायचे, हेही खोटं नव्हतं. पण हा माणूस डोळ्यांत बघत होता.

"शिट्ट्या मारायचे," तो म्हणाला. "घाण बोलायचे. एकदा पडद्यामागे दोघांनी धरलं मला. बाप्या हाय हे ठाऊक असून."

हे त्याने रखमालाही कधी सांगितलं नव्हतं.

"आनि तितं माजी पोर उभी करू?"

सगळं घालवलं आपण, असं एकनाथला वाटलं. तेवढ्यात दारात शालू येऊन उभी राहिली. रडून डोळे सुजलेले.

"बाबा, तुमाला खोटं सांगितलं ते माजं चुकलं. त्याची शिक्षा करा. पन नाटकात माजं काय चुकलंय?"

धर्माजींनी कोयता भिंतीला लावला, खुंटीवरची टोपी घेतली.

"मी म्होरं बसनार. एक शिट्टी आली, की उटून हिला घेऊन जानार. मंग तुज्या सरांचं काय व्हायचं ते व्हवू दे."

पडदा उघडला तो ठरल्या वेळेच्या बराच नंतर. लोक कंटाळले होते, मागे गलका चालला होता. धर्माजी पहिल्या रांगेत, गुडघ्यांवर हात ठेवून. शालूचा आवाज सुरुवातीला बारीक निघाला. तलाठ्याच्या कोटातला एकनाथ धर्माजींकडे बघत होता.

दुसऱ्या अंकात येसू तलाठ्यासमोर येऊन उभी राहते. शालू तशी आली, आणि मागून लांबलचक शिट्टी वाजली. पाठोपाठ हसण्याची लाट.

धर्माजी उठले.

एकनाथला हे सांभाळायची युक्ती येत होती. एक डोळा मिचकावायचा, गमतीचं वाक्य टाकायचं, शिट्टी मारणाऱ्यालाच नाटकात ओढायचं. आयुष्यभर त्याने तेच केलं होतं. तोंड उघडलंही त्याने. पण शालू हलली नाही. दोन्ही हात सरळ ठेवून ती शिट्टी आली त्या दिशेला बघत राहिली. रागाने नाही, भीतीने नाही. तो माणूस कधी गप्प होतो याची वाट बघत असल्यासारखी. एकनाथने तोंड मिटलं. हसणं विरत गेलं. मैदानात चिडीचूप. धर्माजी मात्र उभेच, एक पाय मंचाकडे टाकलेला.

"ओ काका!" मागून कोणीतरी ओरडलं. "बसा की खाली! ती दिसत नाय आमाला!"

"अरे बैठो ना चाचा!" दुसरा एक कामगार ओरडला.

धर्माजींनी मागे वळून पाहिलं. सगळी माणसं माना उंचावून त्यांच्या मुलीकडे बघत होती. ते जरा घुटमळले आणि मटकन खाली बसले. शालूने पुढचं वाक्य घेतलं. आवाज आता शेवटच्या माणसापर्यंत जात होता.

परीक्षकांनी नाटक मुंबईसाठी निवडलं. धर्माजींनी तिसऱ्या नाटकाला परवानगी दिली, कारण ते पालघरला होतं. पण मुंबईला साफ नकार. "हितं मी बसतो म्होरं. तितं कोन बसनार?" त्यांचं मन वळवायला एकनाथ पुन्हा गेला, सरही गेले, उपयोग झाला नाही. मग सरांनी एकनाथला येसू करायला सांगितलं. विद्यापीठाचा मंच, मुंबईचे जाणकार. असं बोलावणं त्याला पुन्हा येणार नव्हतं.

तो नाही म्हणाला; येसू आता शालूचीच होती. सरांनी विनवलं, मग रागावले आणि सुट्टी लागेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. नाटक मुंबईला गेलं नाही.

त्यानंतर एकनाथने लुगडं नेसलं नाही. पुरुषांची कामं केली, पण ती त्याला बेताचीच जमायची. पामची माणसं हळहळून तसं बोलूनही दाखवत. शाळेतल्या मुलींची नाटकं मात्र तो दरवर्षी बसवू लागला, आणि पडदा उघडण्याआधी मुलींच्या बापांना स्वतः हात धरून पहिल्या रांगेत बसवायचा.

रखमाने एकदा विचारलं, "मुंबईला जायचं व्हतं ना तुमाला?"

"व्हतं," तो म्हणाला. "लई व्हतं."