आबांची चिलापी आणि माझी जीभ

धुळ्याचं काम आटोपून मी जळगावला निघालो होतो. छापखान्याची यंत्रं दुरुस्त करणं हा माझा धंदा. एसटीने अमळनेर सोडलं आणि शेजारी बसलेल्या अनोळखी आबांनी मला एकदम विचारलं, "भाऊ, तुमी मासा खातस का?"

मी अलिबागचा. "खातो म्हणजे काय!" म्हणालो.

"मंग चला मनासंगे."

कारण ऐकून हसूच आलं. आबांनी धरणगावजवळच्या तलावात तरंगत्या पिंजऱ्यात चिलापी (तिलापिया) वाढवली होती आणि घरात सात पिढ्या कुणी माशाला शिवलेलं नव्हतं! भुसावळच्या व्यापाऱ्याने पहिल्या टोपल्या चिखलाचा वास येतो म्हणून परत पाठवल्या होत्या. आता पुन्हा परत आल्या तर पिंजरा मोडायचा, असं धाकट्या भावाने बजावलं होतं. "चव कोन सांगी?" आबा म्हणाले. जळगावचं यंत्र बिघडलेलंच होतं, आणखी एक दिवस थांबलं असतं. मी उतरलो.

तेलाची रिकामी पिंपं, बांबू आणि खाली सोडलेली नायलॉनची जाळी, असा तो पिंजरा. आबांनी पेंड आणि कोंड्याचे गोळे टाकले तसं पाणी उसळलं. मासे छान तळहाताएवढे झाले होते.

आबांच्या पत्नीने, अक्कांनी, अंगणात तीन दगडांची चूल मांडून दिली. "हाई कढई घरमा आनानी नही," त्यांनी ठणकावलं. मासा मीच तळला. पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं झालं. चिखलच! आबांचा चेहरा पडलेला पाहून मला खोटं बोलावंसं वाटलं, पण बोललो नाही.

पुन्हा तलावावर गेलो. पिंजरा काठच्या बाभळीला हातभर दोरीने बांधलेला. मी बांबू खुपसला तर जाळीखाली वीतभरही पाणी नव्हतं, नुसता गाळ.

"इतका जवळ का बांधलात?"

"दोर लांब सोडा का ढोर दुसराना वावरमा जास!" (वावर म्हणजे शेत.)

मी पोट धरून हसलो. मग आबाही हसले. काठावर बसून चारा टाकायची सोय गेली, पण त्याच दुपारी होडीने पिंजरा खोल पाण्यात ओढून नेला.

पंधरा दिवसांनी जळगावहून मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. पुन्हा तीच चूल. मी घास चावत होतो आणि आबा माझ्या तोंडाकडे टक लावून बसले होते. अक्काही दारात येऊन उभ्या.

"चिखलना वास येस का?"

"अजिबात नाही. गोड आहे मासा."

आबांनी डोळेच मिटले.

दुसऱ्या दिवशी टोपल्या घेऊन आम्ही भुसावळला गेलो. व्यापाऱ्याने एक मासा तळून घेतला, काट्यापर्यंत खाल्ला आणि म्हणाला, "आबा, दर शनिवारी आणा. निघेल तेवढा." आबा मला गाडीपर्यंत सोडायला आले, वाटभर माझा हात धरून चालले.

घरी पोचलो त्या दिवशी बायकोने ताजी सुरमई केली होती. सुरेख झाली होती. पण घास घेताना समोर कुणी श्वास रोखून बसलेलं नव्हतं, आणि त्याची मला फार उणीव भासली.