सही होईपर्यंत उघडं पान

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, तीर्थोपाध्याय. सकाळी रामकुंडावर यजमानांचे विधी, दुपारी घरी वंशावळीच्या वह्या. कुठल्या गावचं कुठलं घराणं, कोणाचा मुलगा कोण, सगळं त्या लांबट वह्यांत. यजमानाने नोंद वाचून खाली सही केली की ती पूर्ण. तोवर वही मिटायची नाही, हा अण्णांचा नेम.

वह्यांना वाळवी लागली तेव्हा मीच त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला. पंचाहत्तरीचा माणूस एका बोटाने टाइप करायला शिकला. मला केवढं कौतुक! पण ते लांबूनच. मी देवळाली कॅम्पला, अण्णा पंचवटीत. दर चार दिवसांनी ऑफिसात फोन यायचा.

"अगं, हे मशीन विचारतंय, अपडेट करू का म्हणून. काय सांगू?"

"नंतर कर म्हणा."

"आणि परत विचारलं तर?"

"अण्णा, काहीही सांगा हो, मला काम आहे!"

त्यांना मात्र त्या विचारण्याचं अप्रूप होतं. "विचारून करतंय, म्हणजे चांगल्या घरचं दिसतंय," म्हणायचे.

एका रविवारी मी या कटकटीचा निकाल लावायचं ठरवलं. वाटेत द्वारकेच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकून डोकं आधीच तापलेलं. गेल्या गेल्या सेटिंग उघडलं. मागे गुपचूप चालणारी चार-पाच कामं बंद केली आणि अपडेट आपोआप घ्यायचं, आपोआप बंद होऊन चालू व्हायचं, असं ठेवून दिलं. अण्णा सकाळी घरी नसतात, म्हणून ती वेळ मशीनला मोकळी दिली. "आता ते काही विचारणार नाही," मी म्हटलं. अण्णा स्वयंपाकघरात माझ्यासाठी चहा टाकत होते. त्यांना ऐकू गेलं की नाही, हे मी पाहिलंसुद्धा नाही.

त्या दिवसांत ते लासलगावकडच्या एका घराण्याची नोंद करत होते. वहीत पिढ्यान्‌पिढ्यांचे पुरुष होते, लेकी कुठेच नव्हत्या. त्या घरच्या म्हाताऱ्या यजमानांना मात्र आत्या, बहिणी, पणजोबांच्या बहिणी, सगळ्यांची नावं पाठ. रोज दुपारी ते फोनवर सांगायचे आणि अण्णा टाइप करायचे. मी एकदा ऐकलं होतं, स्पीकरवर. "लिव्हा गुरुजी, ही माझी मोठी आत्या. लय हुशार व्हती. तिचं नाव कुठंच नाय बघा."

आठवडाभर हे चाललं होतं, आणि अण्णांनी त्यातलं काहीही सेव्ह केलं नव्हतं. सेव्ह करायला मी शिकवलं होतं. पण सेव्ह म्हणजे वही मिटणं, असा अर्थ त्यांनी मनाशी लावला होता. यजमान येतील, वाचतील, हो म्हणतील, मग सेव्ह. तोवर पान उघडं ठेवायचं, मशीन चालू, स्क्रीनवर धुतलेला पंचा.

बुधवारी रामकुंडावरून येऊन त्यांनी पंचा उचलला, तर पान नव्हतं. मला फोन आला. या वेळी प्रश्न नव्हता.

"सगळं गेलं गं. माझंच बोट लागलं असणार कुठेतरी."

मला त्याच क्षणी कळलं होतं, सकाळी अपडेट घेऊन मशीन आपोआप बंद होऊन चालू झालंय ते. आणि मी म्हटलं, "असेल. सेव्ह करत जा म्हणून कितीदा सांगितलं!" वर आवाज चढवून. आज हे लिहिताना लाज वाटते.

पुन्हा विचारून घेता आलं असतं, पण त्याच आठवड्यात म्हाताऱ्या यजमानांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. त्यांचा मुलगा आला तेव्हा मी घरीच होते. अण्णांनी पोराच्या वयाच्या माणसापुढे हात जोडले. "चूक माझी."

"जाऊ द्या गुरुजी, हात नका जोडू," तो म्हणाला. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि उगाच तांब्या विसळत राहिले.

अण्णांनी नंतर त्या मशीनला हात लावला नाही. अर्थात फोनही बंद झाले. मला हवी होती तशी शांतता मिळाली.

अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली. कॉम्प्युटर माझ्याकडे आहे. आता विचारल्याशिवाय काही करायचं नाही, असं मी त्याला सांगून ठेवलंय. वह्यांचे फोटो काढायला बसते अधूनमधून. गेल्या महिन्यात लासलगावचं ते पान निघालं. शेवटच्या पुरुषाच्या नावाखाली अण्णांच्या वळणदार अक्षरात दोन ओळी होत्या : "या घराण्यातील लेकींची नावे यजमानांनी सांगितली होती. माझ्या हातून ती नष्ट झाली." खाली त्यांची सही.

उद्या त्या घरची नातवंडं येतील, हे पान मागतील आणि वाचतील. त्यातलं 'माझ्या हातून' खोडायला मी पेन उघडलं होतं. पण वहीत खाडाखोड करायची नाही, हाही अण्णांचाच नेम.